मासळीच्या गाडीवर पडलेली फांदी

व्हाले दा मुर्ता, ९ डिसेंबर २००९

फेलिश्बेलाताई,

तुम्ही दोनदा फोन केलात आणि मी नीट बोलले नाही, त्याचा राग धरू नका. बेल्शियोर गेल्यापासून फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदावर जमतं, म्हणून लिहिते आहे.

परवा न्यायालयाचा कागद आला. पोस्टमननं सही घेताना वर पाहिलं नाही, त्यावरून समजले की गावात सगळ्यांना आधीच कळलेलं आहे. आदेलिनुनं माझ्यावर दावा लावला आहे.

झालं ते असं. बावीस नोव्हेंबरच्या रविवारी वारा सुटला होता. आपल्या अंगणातल्या बुचाच्या ओकाची गल्लीकडची मोठी फांदी मोडली आणि खाली उभ्या असलेल्या आदेलिनुच्या मासळीच्या गाडीवर पडली. टप दबला, आतली शीतपेटी फुटली, पुढची काच गेली. गाडीत कोणी नव्हतं ही देवाची कृपा. गाडी तिथे लावायला त्याला बेल्शियोरनंच सांगितलं होतं, सावलीत मासळी टिकते म्हणून. आदेलिनुचा विमा दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता आहे, स्वतःच्या गाडीसाठी त्यातून काही मिळत नाही.

त्याच संध्याकाळी तो आला होता. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. फांदी वाळलेली होती, असं म्हणाला. मी म्हटलं, वारा होता. मग तो म्हणाला की गाडी बंद म्हणजे घर बंद, काहीतरी मार्ग काढू. मी सांगितलं की बेल्शियोरच्या झाडाला वाळकी फांदी नव्हती, आणि दार लावून घेतलं. असं करायला नको होतं. पण केलं.

कागदात लिहिलं आहे की ओकाची फांदी धोक्याची झाली तर मालकानं वनखात्याकडे अर्ज करून ती काढून घ्यायला हवी, तसा अर्ज कधी झाला नाही, म्हणून मालकानं हयगय केली. आज मालक मी आहे. पण बेल्शियोरच्या मागे नऊ महिन्यांत काही फांदी वाळत नाही, म्हणजे हा शब्द कोणासाठी आहे ते उघड आहे. ताई, तुम्ही त्याची बहीण, तुम्हाला मी काय सांगायचं. एकतीस उन्हाळे ही जोडी ओकांची बुचाची साल काढायला गेली. एका झाडाला दोघे, एका बाजूला बेल्शियोर, दुसऱ्या बाजूला आदेलिनु. बाहेरचं बूच सुटून यावं आणि आतल्या जिवंत सालीला कुऱ्हाडीचा ओरखडाही उठू नये, असा हात या डोंगरात एकाचाच होता. दुसऱ्या टोळ्यांचे मुकादम त्याची झाडं बघायला यायचे. त्या माणसाच्या नावापुढे हयगय.

पैशाचं मी बघून घेईन. हा शब्द मात्र राहू देणार नाही. उत्तर द्यायला दहा दिवस आहेत. फाटक वाजलं की वाटतं, आणखी एक कागद आला.

तुमची,
एर्मेलिंदा


सेतूबाल, १६ डिसेंबर २००९

एर्मेलिंदा,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा आदेलिनुला चार शिव्या दिल्या. मग पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. तो गाढव आहे, पण आपल्याच गोठ्यातलं गाढव आहे. दावा त्याच्या डोक्यातून निघालेला नाही, त्याच्या सुनेच्या डोक्यातून निघाला असणार. तिला मी लग्नातच ओळखलं होतं, केक कापायच्या आधी तुकडे मोजत होती.

आता माझं ऐक. मी इथे चौकशी केली. माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईचा असाच दावा झाला होता, शेजाऱ्याची कौलं तिच्या गाडीवर पडली होती. ते शांतिन्यायालय म्हणजे काही मोठं कोर्ट नव्हे. तिथे आधी विचारतात, मध्यस्थाबरोबर बसता का. एक टेबल, दोन खुर्च्या, मध्ये एक समजूतदार माणूस. तू हो म्हण. निम्मं तू दे, निम्मं त्यानं सोसावं. तुझ्या निम्म्यातलं निम्मं मी देते. माझं पेन्शन खायला इथे आहे कोण, एक मांजर, तेही शेजाऱ्यांकडे जेवतं.

एवढंच कर, झाडाच्या खोलात शिरू नकोस. फांदी का वाळली, कधी वाळली, हे उकरून बेल्शियोर परत येणार नाही. गेलेल्या माणसाला शब्द चिकटत नाहीत. चिकटतात ते आपल्याला.

नाताळला येणं जमेलसं दिसत नाही, कंबर धरली आहे. सूप करून पीत जा. नुसत्या पावावर राहू नकोस.

फेलिश्बेला


व्हाले दा मुर्ता, ५ जानेवारी २०१०

फेलिश्बेलाताई,

पैशाचं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. पण तुम्हाला माझं म्हणणं कळलं नाही असं वाटतं. निम्मं दिलं म्हणजे निम्मी हयगय कबूल केली. मध्यस्थीला मी नकार कळवला. त्याच्यासमोर एका टेबलाशी बसून बेल्शियोरचा भाव करणं मला जमणार नाही.

अठरा तारखेला कैफियत दिली. स्वतःच लिहिली. आरोग्य केंद्राच्या खिडकीत सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, तेवढं येतं. झाड निरोगी होतं, साल काढणारा हात कसा होता ते सगळा डोंगर जाणतो, फांदी वाऱ्यानं मोडली, असं लिहिलं. आणि शेवटी मागणी केली की वनखात्याच्या माणसानं फांदी तपासावी, म्हणजे कोणाच्या सांगण्यावर काही राहायला नको. न्यायालयानं ती मान्य केली आहे.

फांदी माझ्याच अंगणात आहे. गाडीवरून काढली तेव्हा भिंतीशी टाकली होती, तशीच आहे. तिच्यावर मी ताडपत्री घातली आणि कडेनं दगड ठेवले. सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जाऊन बघते, दगड हललेले नाहीत ना. कोणी येऊन काही करेल असं नाही. पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आदेलिनु आला. सध्या तो सुनेच्या लहान गाडीत बर्फाची खोकी ठेवून जवळच्या दोन वस्त्यांवर जातो, लांबच्या बायका आता दुसऱ्याकडून मासळी घेतात. वाळलेला दिसला. या वेळी तो आत आला. म्हणाला, "वहिनी, वनखात्याच्या माणसाला बोलावू नका."

मी विचारलं, "का? भीती वाटते?"

"वाटते."

ताई, तो एवढंच बोलला. मी आणखी काही विचारायच्या आत निघूनही गेला. आता याचा दुसरा काय अर्थ होतो? फांदी चांगली होती हे त्याला ठाऊक आहे, तपासणीत ते निघणार हेही ठाऊक आहे. मी तारीख आणि वेळ लिहून ठेवली आणि ती न्यायालयाला कळवली.

कळवलं, आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. बेकरीत रांगेत उभी होते तर मागून कोणीतरी म्हणालं, एकतीस वर्षं एका झाडावर काढली आणि आता एका फांदीवरून भांडतायत. पाव न घेताच परत आले.

सहा फेब्रुवारीला वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे. तुम्ही याल ना?

एर्मेलिंदा


सेतूबाल, १२ जानेवारी २०१०

एर्मेलिंदा,

तपासणीचा अर्ज मागे घे. आजच्या आज घे. न्यायालयात जा आणि सांग की मी घाबरले होते, विधवा बाई आहे, मला समजलं नाही. काय वाटेल ते सांग. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, पण एवढं एक बोल.

का ते विचारू नकोस. वनखात्याची माणसं मेली उगाच खुसपट काढतात. एक बघायला येतात आणि दहा लिहून नेतात, वर दंडही करतील. आणि तो आदेलिनु येऊन सांगतो तर जरा ऐकून घ्यावं ना, लगेच वेळ काय लिहून ठेवतेस त्याची? तू काय पोलीस आहेस?

मी रागानं लिहिते आहे असं वाटेल. रागानं नाही लिहीत.

सगळे पैसे मी देते. सगळे. तू फक्त मागे घे.

फेलिश्बेला


व्हाले दा मुर्ता, १० फेब्रुवारी २०१०

फेलिश्बेलाताई,

तुम्ही प्रार्थनेला आला नाहीत. कंबरेचं दुखणं मी समजू शकते, पण सेतूबालहून बस थेट येते आणि उतरवून घ्यायला मी उभी होते. त्याची एकुलती एक बहीण. लोकांनी विचारलं तेव्हा आजारी आहेत असं सांगितलं. आदेलिनु आला होता. मागच्या खांबाशी उभा राहिला आणि संपायच्या आधी निघून गेला.

तुमच्या मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं सुचेना. पैशाची बोली तुम्ही वाढवत नेलीत, जणू मी त्यासाठीच अडून बसले आहे. अर्ज मी मागे घेतला नाही. आता झालं ते सांगते.

एकोणतीस जानेवारीला वनखात्याचा माणूस आला. तरुण होता, पण कामाचा वाटला. ताडपत्री काढली. वरची बाजू बघून म्हणाला, इथे काही दिसत नाही, उलटवावी लागेल. जमिनीला लागलेली बाजू मी इतके दिवस बघितलीच नव्हती, मला ती हलवता येण्यासारखी नव्हती. गल्लीतली दोन माणसं बोलावून तिघांनी मिळून ती उलटवली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला, मोजत राहिला, फोटो घेतले. अहवाल पाठवतो म्हणाला आणि पाणी मागितलं.

अहवाल प्रार्थनेनंतरच्या सोमवारी हातात पडला. फांदीवर कुऱ्हाडीचे अकरा घाव आहेत. सगळे आतल्या जिवंत सालीतून थेट लाकडापर्यंत गेलेले. ते २००५ च्या उन्हाळ्यात साल काढताना पडले, कारण त्यानंतरचं बूच त्यांच्या कडेनं वाढलं आहे. घावांतून कीड आणि बुरशी शिरली, फांदी आतून मेली. शिकाऊ माणसाच्या हातूनही असे अकरा घाव एका फांदीवर पडत नाहीत, असं त्यानं लिहिलेलं नाही, पण मला ते दिसतं. मीही साल काढणाऱ्याची बायको आहे.

पहिले दोन दिवस मी नुसती बसून होते. मग लक्षात आलं. त्या उन्हाळ्यात आपल्या झाडावर दोनच कुऱ्हाडी चालल्या. साल काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात, तो पाच अजून आहे, तो मी स्वतः रंगवला, रंगाचा डबा मी धरला होता. मी घरात जेवण करायला गेले आणि ते दोघे वर होते. बेल्शियोरचे घाव हे नव्हेत. मग दुसरा कोण उरतो?

म्हणून त्याला भीती वाटत होती. स्वतः फांदी मारली आणि तिच्या नावानं माझ्याकडून भरपाई मागतो. वादीच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, अशी दुसरी कैफियत मी लिहून ठेवली आहे. सुनावणी सव्वीस तारखेला आहे, तिथेच देणार. दावा निकालात निघेल. वर लोकांना कळेल की कोणाचा हात कसा होता.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. ज्यानं घाव घातले तो त्या फांदीचं नाव तरी का काढेल? गाडीची नड माणसाला इतकं आंधळं करते का? मी याचा विचार करत नाही असं ठरवते आणि करत राहते.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

एर्मेलिंदा


सेतूबाल, १४ फेब्रुवारी २०१०

एर्मेलिंदा,

हे पत्र बसून वाच.

घाव बेल्शियोरचे आहेत.

मार्च २००५ मध्ये तो माझ्याकडे आठ दिवस राहून गेला, आठवतं? तुला सांगितलं होतं की माझ्या स्वयंपाकघराचं छत दुरुस्त करायचं आहे. माझ्या छताला काही झालेलं नव्हतं. उजवा हात त्याचं ऐकत नव्हता. हिवाळ्यात लाकडं फोडताना दोनदा कुऱ्हाड निसटली होती, ते त्यानं तुला कळू दिलं नाही. इथल्या मोठ्या इस्पितळात मी त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. नाव सांगितलं, पुढे काय काय होईल तेही सांगितलं. दीड वर्षानंतर तुला जे कळलं, ते त्याला त्या दिवशीच कळलं होतं.

तुमच्या आरोग्य केंद्रात तो गेला नाही, कारण तिथे खिडकीत तू बसायचीस. त्याचा कागद पहिला तुझ्या हातात आला असता.

माझ्याकडून त्यानं आईच्या नावानं शपथ घेतली. मी दिली. मला वाटलं, महिनाभरात तो स्वतःच सांगेल. नाही सांगितलं. तो हंगाम त्यानं पुरा केला. कसा केला ते आदेलिनुला माहीत, कारण मोठ्या मळ्यांवर मुकादम लांब असायचा आणि झाडाच्या अवघड बाजूला आदेलिनु उभा राहायचा, स्वतःची आटपून याचीही करायचा. हंगामाच्या शेवटी तुमचं अंगणातलं झाड केलं. नंतर तो म्हणाला ना तुला, गुडघे गेले, आता चढवत नाही? गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते त्याचे.

घाव असतील हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या वर्षी तो हात कुठल्याही झाडाला लागला असेल तर खुणा असणार, एवढं समजत होतं. म्हणून तुला थांबवत होते. तू समजलीस म्हातारी पैशानं तोंड बंद करते आहे. तसं समजलीस तेच बरं वाटलं, खरं सांगण्यापेक्षा.

प्रार्थनेला आले नाही ते कंबरेमुळे नव्हे. एक वर्ष झालं, आता सांगायला हवं असं वाटत होतं आणि तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही.

मला काय म्हणायचं ते म्हण. पण ती दुसरी कैफियत देऊ नकोस. आदेलिनुच्या नावावर हे घालू नकोस. बाकी तुझं तू ठरव. मी आता काही सांगणार नाही, खूप वर्षं खरं न सांगता तुला काय करायचं ते सांगत आले.

फेलिश्बेला


व्हाले दा मुर्ता, ३ मार्च २०१०

फेलिश्बेलाताई,

तुमचं पत्र अठरा तारखेला मिळालं. उत्तर लिहायला तीनदा बसले. आता सुनावणी झाली आहे, तेव्हा सांगण्यासारखं काही आहे.

दुसरी कैफियत मी चुलीत घातली. पण बदल्यात काय बोलायचं ते ठरेना. सव्वीस तारखेच्या सकाळपर्यंत ठरलं नव्हतं. गप्प राहिले तर फांदी कशी वाळली याला कोणी धनी राहत नाही, आदेलिनुला हयगय सिद्ध करता येणार नाही, त्याची गाडी गेली. बोलले तर ज्या शब्दासाठी मी तीन महिने झगडले तो मीच बेल्शियोरच्या नावापुढे लिहून द्यायचा. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते. काही दिसलं नाही.

नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. न्यायाधीश पस्तिशीची बाई, सर्दीनं बेजार, गळ्याभोवती शाल. आदेलिनु सुनेबरोबर आला होता, अंगात बेल्शियोरच्या अंत्यविधीला घातलेला कोट. न्यायाधीशबाईंनी अहवाल वाचून दाखवला आणि त्याला विचारलं, या झाडाची साल तुम्हीही काढली होती ना, मग हे घाव कोणाचे?

तो उठून उभा राहिला. "माझे," म्हणाला.

बाईंनी त्याला समजावलं की तसं असेल तर नुकसान त्याच्याच हयगयीमुळे झालं असं ठरेल आणि दावा राहणार नाही. हे त्याला कळतंय का, असं दोनदा विचारलं. त्यानं दोन्ही वेळा मान हलवली. सून हलक्या आवाजात म्हणाली, मामंजी, डोकं फिरलंय का तुमचं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. प्रतिवादीला काही म्हणायचं आहे का?

ताई, मला फक्त नाही म्हणायचं होतं. तो एक शब्द बोलले असते तर सगळं मिटत होतं. बेल्शियोर जसा होता तसा राहत होता आणि मला एक पैसाही द्यावा लागत नव्हता. आदेलिनु खाली बघत उभा होता आणि मला दिसत होतं की मी तो शब्द बोलावा म्हणून तो वाट बघतो आहे. बाईंनी दोनदा नाक पुसलं तरी मी बोलले नाही.

मग मी म्हटलं, "घाव माझ्या नवऱ्याचे आहेत. त्याचा हात आजारी होता. ते त्याला माहीत होतं."

"वहिनी, गप्प बसा," आदेलिनु म्हणाला. एवढ्या मोठ्यानं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी त्यालाच गप्प बसवलं आणि खरं काय ते सांगायला लावलं.

त्यानं सांगितलं. बेल्शियोर म्हणाला होता की हे झाड घरचं आहे, इथे मुकादम नाही, ही फांदी मी एकटा करतो. आदेलिनुनं शिडी धरली. पहिला घाव बसला तेव्हा वरून बेल्शियोर हसला. तिसऱ्याला हसला नाही. तेव्हाच मी त्याला खाली घ्यायला हवा होता, आदेलिनु म्हणाला. नाही घेतला. शिडी धरून उभा राहिलो. अकरा होते हे मला मोजायची गरज नव्हती. म्हणून माझे म्हटलं, ते काही पूर्ण खोटं नव्हतं.

बाईंनी विचारलं, मग फांदी वाळते आहे हे दिसल्यावर घरच्यांना सांगितलं का नाही? तो म्हणाला, सांगितलं असतं तर का वाळली तेही सांगावं लागलं असतं. आणि तरी गाडी तिथेच लावत होतात?

"जागा बदलली असती तर त्यानं विचारलं असतं, का बदलली."

साडेतीन वर्षं, ताई. बेल्शियोर गेला त्या फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर मी विचारलं असतं, म्हणून.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या की हे मी ठरवू शकते, पण तुम्ही दोघं बाहेर बाकावर जाऊन ठरवलंत तर बरं. आम्ही बाहेर बसलो. तो एक तृतीयांश म्हणाला, मी सगळं म्हटलं, शेवटी सुनेनं कंटाळून निम्मं-निम्मं सांगितलं आणि आम्ही दोघांनी ते मानलं. बाईंनी ते नोंदवलं. कारणाच्या जागी काय लिहू असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी बोलले तेच लिहा. म्हणजे तो शब्द तिथे आहेच, त्याच्या नावापुढे. आदेलिनुच्या नावापुढेही आहे, त्यानंच मागून घेतला.

खाली रस्त्यावर आल्यावर आदेलिनु म्हणाला, बेल्शियोर असता तर तुमच्याशी तीन दिवस बोलला नसता. मी म्हटलं, आठवडाभर. तो म्हणाला, माझ्याशी महिनाभर. मग सुनेनं गाडी आणली आणि मला पुढे बसवलं.

मी तुमच्यावर रागावले आहे. किती दिवस रागावलेली राहीन ते मला माहीत नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून कमी करून सांगणार नाही. आदेलिनुवरही आहे. ज्याच्यावर सगळ्यात जास्त आहे तो नाही. आम्ही एका ताटलीतून जेवायचो आणि दीड वर्ष तो माझ्यासमोर बसून हे गिळत होता. मी काय केलं असतं असं त्याला वाटलं? रडले असते, ओरडले असते? तो माझ्यापाशी का आला नाही, एवढंच मला कळत नाही, आणि दाव्याचं सगळं मिटलं तरी हे मिटत नाही.

म्हणून एक विचारते. इस्पितळातून बाहेर आल्यावर तो पहिलं काय बोलला? माझ्याबद्दल काही बोलला का? मला लागेल असं असलं तरी लिहा. गोड करून लिहू नका.

एर्मेलिंदा


सेतूबाल, ९ मार्च २०१०

एर्मेलिंदा,

गोड करून लिहीत नाही.

आम्ही बाहेर येऊन बंदराच्या बाजूच्या बाकावर बसलो. मी रडत होते. तो बराच वेळ पलीकडे जाणाऱ्या बोटीकडे बघत होता, ती पार छोटी होईपर्यंत. मग मी म्हटलं, एर्मेलिंदाला आज फोन करू. तो नको म्हणाला. म्हणाला, तिला कळलं तर ती मला कुऱ्हाड धरू देणार नाही, एवढा एक हंगाम जाऊ दे.

मला संताप आला. मी विचारलं, "आणि मग?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"मग काय," म्हणाला. "मग एर्मेलिंदा आहेच."

फेलिश्बेला